पाऊस, वीज आणि पंच

परभणी जिल्ह्यातील पाथरी तालुका गोदावरीच्या उत्तर तीरावर वसलेला आहे. येथील जमीन काळी, भारी व कसदार. मृगाचे ढग दिसू लागले, की येथील शेतकऱ्याची दृष्टी आकाशाकडे लागते. कारण कापूस, सोयाबीन व तूर ही त्याची पिके पाऊस वेळेवर येण्यावर अवलंबून असतात. जायकवाडीच्या कालव्याचे पाणी काही गावांना मिळते. तरी पावसाची आस कोणाचीही सुटलेली नाही. अशा प्रदेशात पावसाला कोणी व्यत्यय म्हणावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु शेतकऱ्याप्रमाणेच आकाशावर सतत लक्ष ठेवणारा आणखी एक मनुष्य या प्रदेशात आहे. तो म्हणजे क्रीडांगणावरील पंच होय. शेतकरी पाऊस यावा म्हणून वर पाहतो. पाऊस आलाच तर आपले कर्तव्य कोणते, हे ठरविण्यासाठी पंच वर पाहतो.

आपल्या राज्यात शालेय क्रीडास्पर्धा प्रथम तालुक्यात, नंतर जिल्ह्यात, मग विभागात व शेवटी राज्यपातळीवर होतात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होत असल्यामुळे या स्पर्धांचे पहिले टप्पे पुष्कळदा पावसाळ्यातच येतात. मराठवाड्यातील पाऊस मोठा लहरी आहे. कधी आठ-आठ दिवस तो डोळे मिटून बसतो आणि कधी हस्त नक्षत्राच्या एखाद्या दुपारी कडकडाट करीत तासाभरात ओढ्यांना पूर आणतो. यास्तव ज्याला खेळाचे नियम येतात, परंतु हवामानाचे वागणे ठाऊक नाही, असा पंच या भागात अर्धाच पंच ठरेल.

पंचापुढे येणारा प्रसंग नेमका कसा असतो, हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, सप्टेंबर महिन्यात पाथरी येथे दोन शाळांमध्ये क्रिकेटचा सामना चालू आहे. एक संघ पाथरीचाच आहे. दुसरा गोदाकाठच्या एका खेड्यातून सकाळच्या एस. टी. ने आलेला आहे. पाहुण्या संघाला जिंकण्यासाठी शेवटच्या चार षटकांत अठरा धावा हव्या आहेत आणि त्याचे दोन चांगले फलंदाज खेळत आहेत. इतक्यात पश्चिमेकडून काळे ढग चढू लागतात, वारा सुटतो व पावसाचे चार थेंब अंगावर येतात. यजमान संघातील मुले म्हणतात, "गुरुजी, पाऊस आला, खेळ थांबवा." पाहुण्या संघातील मुले म्हणतात, "गुरुजी, थोडेच राहिले आहे, खेळू द्या." पाहुण्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांची नजर घड्याळावर आहे, कारण गावाकडे जाणारी शेवटची गाडी सायंकाळी सुटते. शेवटी सर्वांच्या नजरा मैदानावरील दोन पंचांकडे वळतात. त्यांनी काय करावे?

या प्रसंगी प्रत्येकाच्या म्हणण्यात काही ना काही हित गुंतलेले आहे. यजमानांना खेळ थांबण्यात लाभ दिसतो, पाहुण्यांना तो चालू राहण्यात. दोन्ही बाजूंची मुले खोटे बोलत नाहीत. ती आपापल्या संघाचे कल्याण पाहत आहेत, इतकेच. म्हणूनच खेळ थांबविण्याचा अधिकार खेळाडूंच्या हाती ठेवलेला नसतो. ज्याला हरण्याचे दुःख नाही आणि जिंकण्याचा आनंद नाही, अशा मनुष्याच्या हाती तो दिलेला असतो. गावातील तंटा सोडविणाऱ्याला आपण पंच म्हणत आलो; क्रीडांगणावरील निर्णय देणाऱ्यासही तोच शब्द लागू पडावा, हे यथार्थच आहे.

तथापि, अधिकार मिळाला म्हणजे वाटेल तसे वागण्याची मुभा मिळाली, असे नव्हे. क्रिकेटचे नियम १७४४ मध्ये इंग्लंडात प्रथम लेखी स्वरूपात मांडले गेले. १७८७ मध्ये स्थापन झालेल्या मेरिलबोन क्रिकेट क्लबने १७८८ मध्ये त्यांची सुधारलेली आवृत्ती काढली आणि तेव्हापासून ही संस्था ते नियम सांभाळीत आली आहे. हवामानासंबंधीच्या नियमात पंचांना दोन कसोट्या घालून दिलेल्या आहेत. पहिली कसोटी धोक्याची. खेळाडूला किंवा पंचाला इजा होण्याचा प्रत्यक्ष व आधी ओळखता येण्याजोगा संभव असेल, तर परिस्थिती धोकादायक मानावी. दुसरी कसोटी शहाणपणाची. इजेचा संभव नाही, परंतु अशा स्थितीत खेळणे समंजसपणाचे होणार नाही, असे दिसले, तर परिस्थिती अयोग्य मानावी. या दोहोंपैकी एकही गोष्ट खरी असेल, तर खेळ थांबवावा. एकही खरी नसेल, तर तो चालू ठेवावा.

याच नियमात आणखी एक मार्मिक वाक्य आहे. त्याचा आशय असा, की परिस्थिती उत्तम नाही, एवढ्याच कारणावरून ती धोकादायक किंवा अयोग्य ठरत नाही. गवत ओले झाले, चेंडू ओला झाला, गोलंदाजाला तो पुन्हा पुन्हा पुसावा लागला, म्हणून खेळ थांबवावयाचा नसतो. थोडी गैरसोय हा खेळाचाच भाग आहे. तेव्हा आपल्या उदाहरणातील पहिल्या चार थेंबांनी काहीच सिद्ध होत नाही. केवळ थेंब पडले म्हणून पंचांनी खेळ थांबविला, तर पाहुण्या संघावर अन्याय होईल. येथवर 'खेळू द्या' म्हणणारी मुले बरोबर आहेत.

पाऊस वाढला, म्हणजे मात्र जमिनीकडे पाहावे लागते. गोलंदाजाला पाय रोवता येतो काय? क्षेत्ररक्षकाला मोकळेपणाने धावता व वळता येते काय? फलंदाजाला फटका मारता येतो काय, दोन्ही यष्ट्यांमध्ये धावता येते काय? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले, तर ते मैदान खेळण्यास अयोग्य व धोकादायक समजावे, असे नियम सांगतो.

येथे पाथरीच्या काळ्या मातीचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. काळ्या मातीचे कण अतिशय सूक्ष्म असतात. त्या पाणी शोषून फुगतात आणि पाणी गेल्यावर आकसतात. म्हणूनच उन्हाळ्यात या जमिनीला हात हात भेगा पडतात. पिकाच्या दृष्टीने हा मोठा गुण आहे, कारण अशी जमीन ओल पुष्कळ दिवस धरून ठेवते. परंतु खेळाडूच्या दृष्टीने तोच गुण दोष होऊन बसतो. मुरमाच्या जमिनीवर पडलेले पाणी लवकर झिरपून जाते. काळ्या जमिनीवर ते मुरते खरे, पण माती चिकट होते. पावलांना चिखलाचे जाड थर चिकटतात, धावणारा पाय जागच्या जागी अडकतो व गुडघा किंवा घोटा मुरगळतो. म्हणून अनेक ठिकाणी मैदानावर मुरूम पसरून व दाबून घेतलेला असतो आणि मध्ये खेळपट्टीवर काथ्याची चटई अंथरतात. वरून मैदान कोरडे दिसते. पण मुरमाचा थर पातळ असेल तेथे खाली ओल तशीच असते. केवळ डोळ्यांवर विसंबणारा पंच येथे फसतो.

म्हणून अनुभवी पंच पाहणी करताना मैदानावर स्वतः चालतो. टाच जोराने दाबून तो पाहतो: खड्ड्यात पाणी वर आले, तर जमीन अजून तयार नाही. गोलंदाजाचा पुढचा पाय जेथे पडतो, ती जागा तो विशेष काळजीने तपासतो, कारण तेथे संपूर्ण शरीराचा भार एका पायावर येतो. चार पावले धावून तो एकदम थांबून पाहतो. ओल कमी करण्यासाठी लाकडाचा भुसा, गोणपाट किंवा कोरडी माती यांचा उपयोग होईल काय, हे तो मैदानाची व्यवस्था पाहणाऱ्यांना विचारतो. ही पाहणी दोन्ही पंचांनी मिळून करावयाची असते व त्या वेळी कोणत्याही संघाच्या खेळाडूंनी किंवा अधिकाऱ्यांनी सोबत असू नये, असा दंडक आहे. कानाशी लागणारा कोणी नसला, म्हणजे जमीन काय सांगते, ते ऐकू येते.

आता विजेचा विचार करू. पाऊस, चिखल व अपुरा प्रकाश यांबाबत पंचाला तारतम्य वापरावे लागते. विजेबाबत तारतम्याला जागाच नाही. भारतात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडील अहवालांवरून दिसते. उघड्या शेतात काम करणारे आणि पाऊस चुकविण्यासाठी झाडाखाली उभे राहणारे लोक तिला विशेषेकरून बळी पडतात. क्रीडांगण हेही एक उघडे शेतच आहे. सपाट मैदानावर उभा असलेला मुलगा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच असतो आणि पुष्कळ वेळा मैदानाच्या कडेला असतो एखादा एकटा कडुलिंब, जो त्याला आश्रयाचा भास मात्र करून देतो.

वीज किती दूर आहे, हे समजण्याची एक सोपी युक्ती आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर असल्यामुळे वीज चमकताच आपल्याला दिसते. ध्वनी मात्र हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे एक किलोमीटर अंतर कापण्यास त्याला जवळजवळ तीन सेकंद लागतात. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत नऊ सेकंद गेले, तर वीज सुमारे तीन किलोमीटरांवर पडली. तीस सेकंद गेले, तर सुमारे दहा किलोमीटरांवर. दहा किलोमीटर म्हणजे पुष्कळ अंतर, असे कोणाला वाटेल. परंतु ढगाच्या गाभ्यापासून दहा-पंधरा किलोमीटर दूर, जेथे पावसाचा थेंबही नाही अशा ठिकाणी वीज पडू शकते. गडगडाट ऐकू येण्याची मर्यादाही साधारणतः तेवढीच असते. याचा अर्थ असा, की ज्याला गडगडाट ऐकू आला, तो विजेच्या टप्प्यात आला. मग सेकंद मोजीत उभे राहण्याचे कारण उरत नाही.

या बाबतीत अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या बेसबॉल सामन्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. बेसबॉल हा तेथील राष्ट्रीय आवडीचा खेळ असून शाळांचे सामने वसंत ऋतूत होतात. त्या काळात तेथील अनेक राज्यांत गडगडाटी वादळे वारंवार येतात. आपल्याकडील शालेय क्रीडास्पर्धांतही बेसबॉलचा समावेश आहे. त्या देशात असा संकेत आहे, की मैदान खेळण्यास योग्य आहे की नाही, हे सामना सुरू होण्यापूर्वी यजमान संघाच्या मार्गदर्शकाने ठरवावे. आपल्या मैदानाची नाडी त्यालाच ठाऊक असते. परंतु एकदा सामना सुरू झाला, की तो अधिकार पूर्णपणे पंचांकडे जातो. कारण तोवर धावा झालेल्या असतात, हित निर्माण झालेले असते आणि यजमानाचे मत निःपक्षपाती राहील, याची हमी देता येत नाही.

गडगडाट ऐकू आला किंवा वीज दिसली, की तेथील पंच त्याच क्षणी खेळ थांबवितो व सर्वांना सुरक्षित जागी पाठवितो. मग घड्याळ लावले जाते. शेवटच्या गडगडाटापासून किंवा चमकेपासून पूर्ण तीस मिनिटे लोटल्याखेरीज कोणीही मैदानावर पाऊल ठेवावयाचे नाही. विसाव्या मिनिटाला पुन्हा गडगडाट झाला, तर मागची वीस मिनिटे हिशेबातून जातात व पुन्हा पहिल्यापासून तीस मिनिटे मोजावी लागतात. हा नियम कठोर वाटतो. पण त्यामागे निरीक्षण आहे. वादळ गेले, असे समजून लोक घाईने बाहेर पडतात आणि मागे रेंगाळलेल्या ढगातून वीज पडते. वादळ येताना मनुष्य सावध असतो. ते जाताना तो गाफील असतो. अर्धा तास हा त्या गाफीलपणावरचा उपाय आहे.

सुरक्षित जागा कोणती, हेही आधीच ठरलेले असावे. शाळेची पक्की इमारत सर्वांत चांगली. ती जवळ नसेल, तर काचा लावलेली व धातूच्या टपाची बंद मोटार किंवा एस. टी. ची गाडीही चालते. वीज तिच्या धातूच्या सांगाड्यावरून जमिनीत उतरते. रबरी चाके मनुष्याला वाचवितात, ही समजूत खरी नाही. कापडी मंडप, चारी बाजूंनी उघडे पत्र्याचे छप्पर, झाडाचा बुंधा, ध्वजस्तंभ व तारेचे कुंपण या जागा टाळाव्यात. कोणावर दुर्दैवाने वीज पडलीच, तर त्याच्या शरीरात विद्युत्प्रवाह शिल्लक राहत नाही. त्याला स्पर्श करण्यास भिऊ नये. तत्काळ १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि श्वास व हृदयक्रिया थांबली असेल, तर प्रशिक्षित मनुष्याने छाती दाबण्याचा उपचार सुरू करावा.

हवामानाचा अंदाज घेण्याची साधनेही आज हाताशी आहेत. पुणे येथील भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने सिद्ध केलेले 'दामिनी' हे मोबाईल अॅप आपल्या आसपास कोठे विजा पडत आहेत, हे दाखविते. सामन्याच्या सकाळी भारतीय हवामान विभागाचा इशारा वाचणे हे पंचाचे काम नसले, तरी संयोजकाचे काम निश्चितच आहे. तथापि, यंत्र काहीही सांगो, गडगडाट कानांवर आला, की यंत्राची वाट पाहू नये.

आता आपल्या पाथरीच्या सामन्याकडे वळू. चार थेंब पडले, तेव्हा पंचांनी खेळ चालू ठेवला, हे योग्यच झाले. दोन चेंडू टाकून होतात आणि दूर, मानवतच्या दिशेला गडगडाट होतो. पाऊस अजून नाही. किंबहुना थेंबही थांबले आहेत. तरीही पंच खेळ थांबवितात. मघाशी ज्यांनी 'पाऊस आला' म्हणून थांबविण्याचा आग्रह धरला, त्यांना पंचांनी नकार दिला होता. आता पाऊस नसताना त्यांनी खेळ बंद केला. वरवर पाहणाऱ्याला यात विसंगती दिसेल. पण दोन्ही निर्णय एकाच कसोटीतून निघाले आहेत. थेंबांत गैरसोय होती, धोका नव्हता. गडगडाटात गैरसोय नव्हती, पण धोका होता.

दोन पंचांचे मत भिन्न झाले तर? क्रिकेटच्या नियमांत याचे उत्तर असे आहे, की पंचांमध्ये मतभेद असेल, तेव्हा चालू असलेली स्थिती तशीच पुढे चालू राहावी. म्हणजे खेळ चालू असेल, तर तो चालूच राहतो. सामान्य प्रसंगी हा नियम शहाणपणाचा आहे. परंतु वीज समोर असताना चर्चेसाठी दवडलेली दोन मिनिटेही महाग पडू शकतात. म्हणून चांगले पंच मैदानावर उतरण्यापूर्वीच आपसांत ठरवून ठेवतात: दोघांपैकी कोणालाही गडगडाट ऐकू आला, तर खेळ बंद. नाणेफेकीपूर्वी दोन्ही कर्णधारांना बोलावून खेळाच्या वेळा, कोणते घड्याळ प्रमाण मानावयाचे, सीमारेषा कोठे आहे आणि या सामन्यापुरत्या विशेष अटी कोणत्या, हे पंचांनी स्पष्ट करावयाचे असते. त्याच वेळी पावसाचाही प्रश्न सोडवून ठेवावा. आकाश निरभ्र असताना केलेला करार आकाश भरून आल्यावर उपयोगी पडतो.

कारण खेळ थांबविणे हे काम निम्मेच असते. थांबलेल्या खेळाचा न्याय्य शेवट करणे, हे दुसरे निम्मे. अमेरिकेतील शालेय बेसबॉलचा सामना सात डावांचा असतो. पावसामुळे तो अपुरा राहिला, तरी सर्वसाधारण नियमाप्रमाणे पाच डाव पूर्ण झाले असतील, तर निकाल ग्राह्य धरतात. नंतर फलंदाजी करणारा यजमान संघ आधीच पुढे असेल, तर साडेचार डावही पुरतात. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये निकालासाठी दुसऱ्या संघाला किमान वीस षटके खेळण्याची संधी मिळावी लागते. वीस षटकांच्या सामन्यात किमान पाच. शालेय स्पर्धांत आकडे वेगळे असू शकतील. परंतु ते सामन्यापूर्वी सांगितलेले असले पाहिजेत, हे तत्त्व सर्वत्र एकच आहे.

नियमच सदोष असेल तर काय होते, याचे उदाहरण १९९२ च्या विश्वचषक स्पर्धेत दिसले. २२ मार्च रोजी सिडनी येथे इंग्लंड व दक्षिण आफ्रिका यांचा उपान्त्य सामना होता. दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या असताना पाऊस आला व सुमारे बारा मिनिटे खेळ थांबला. दोन षटके कमी करावी लागली. त्या स्पर्धेच्या नियमानुसार पहिल्या संघाची सर्वांत कमी धावांची दोन षटके वगळावयाची होती. आणि त्या दोन षटकांत मिळून इंग्लंडने केवळ एक धाव काढली होती. परिणामी दक्षिण आफ्रिकेपुढे एका चेंडूत २१ धावा काढण्याचे अशक्य लक्ष्य उभे राहिले. पंचांनी नियम मोडला नाही. पण त्या नियमाने न्याय झाला, असे कोणालाही वाटले नाही. पुढे फ्रँक डकवर्थ व टोनी लुईस या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी शिल्लक षटके आणि शिल्लक गडी या दोहोंचा एकत्र विचार करणारी पद्धत तयार केली. १ जानेवारी १९९७ रोजी हरारे येथील झिंबाब्वे व इंग्लंड यांच्या सामन्यात ती प्रथम वापरण्यात आली. नंतर स्टीव्हन स्टर्न यांनी तिच्यात सुधारणा केली. आपल्या देशात केरळचे अभियंता व्ही. जयदेवन यांनीही याच प्रश्नावर स्वतंत्र पद्धत शोधून काढली आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की सदोष नियम बदलला गेला, परंतु तो सामन्याच्या मध्यावर, गर्दीच्या दडपणाखाली बदलला गेला नाही. शांतपणे, विचार करून, पुढच्या सामन्यांसाठी बदलला गेला.

नियम अधिक निर्दोष करण्याचा असाच एक प्रयत्न अपुऱ्या प्रकाशाबाबत झाला. पूर्वी प्रकाश कमी झाल्याचे पंचांना वाटले, तर खेळत राहावयाचे की नाही, हे ते फलंदाजांना विचारीत. साहजिकच फलंदाज आपल्या संघाच्या सोयीचे उत्तर देत. २०१० मध्ये ही प्रथा बंद करण्यात आली आणि तो निर्णयही केवळ पंचांकडे सोपविण्यात आला. ज्याला लाभ आहे, त्याने निर्णय करू नये, या तत्त्वाचाच हा विस्तार होय.

गर्दीचे दडपण ही साधी गोष्ट नाही. १९८० मध्ये लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांचा शताब्दी कसोटी सामना झाला. शनिवारी मोठी गर्दी लोटलेली, वर ऊन पडलेले. पण मैदानाचा एक भाग ओला. डिकी बर्ड व डेव्हिड कॉन्स्टंट हे पंच वारंवार पाहणी करून खेळ लांबवीत राहिले. तेव्हा क्लबच्याच काही संतप्त सभासदांनी पाहणीहून परतणाऱ्या पंच कॉन्स्टंट यांना धक्काबुक्की केली. जेथे क्रिकेटचे नियम सांभाळले जातात, त्याच ठिकाणी हा प्रसंग घडावा, यावरून प्रेक्षकांचा उतावळेपणा सुशिक्षितांनाही कसा आंधळा करतो, हे दिसते. अशा वेळी पंचाजवळ आपल्या बाजूने बोलणारा कोणी नसतो. त्याची भिस्त असते ती नियमावर व आपल्या पाहणीवर.

पाथरीच्या मैदानावर आता मुले शाळेच्या व्हरांड्यात नव्हे, वर्गात बसली आहेत. गुणलेखकाने थांबलेल्या क्षणीची स्थिती लिहून ठेवली आहे: किती धावा, किती गडी, कोणत्या षटकाचा कितवा चेंडू, घड्याळात किती वाजले. पंचविसाव्या मिनिटाला पुन्हा गडगडतो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येते. कोणी सुस्कारा टाकतो. पाहुण्या मुलांच्या चेहऱ्यावर चिंता आहे. मैदान वाळले नाही किंवा गाडीची वेळ झाली, तर चार षटके कदाचित आज खेळता येणार नाहीत. मग स्पर्धेच्या नियमात लिहिले असेल त्याप्रमाणे सामना दुसऱ्या दिवशी पुढे चालेल, नव्याने होईल किंवा झालेल्या षटकांवर निकाल लागेल. यांपैकी काहीही झाले, तरी एका संघाला हळहळ वाटणारच. पंच ती हळहळ टाळू शकत नाही. ती अन्यायातून उत्पन्न होऊ नये, एवढेच तो पाहू शकतो. आणि आलेली सर्व मुले सुखरूप घरी जावीत, हे त्याला पाहावेच लागते.

या कामी विद्यार्थ्यांचाही वाटा आहे. पंचांनी हात वर करताच फळी खाली ठेवून शिस्तीने इमारतीकडे चालू लागणे, लहान मुलांना बरोबर घेणे, झाडाखाली कोणी थांबले असेल तर त्याला बोलावणे आणि अर्धा तास संपण्यापूर्वी 'आता तरी सुरू करा' असा धोशा न लावणे, या गोष्टी प्रत्येकाला करता येतील. कर्णधाराने आपल्या संघाचे म्हणणे नम्रपणे मांडावे, पण निर्णय झाल्यावर तो मनापासून मानावा.

पाऊस कोणाच्या सोयीने येत नाही व कोणाच्या सोयीने जात नाही. शेतकरी हे जाणतो. म्हणून तो आभाळाशी भांडत बसत नाही, वाफसा येईपर्यंत थांबतो आणि मगच शेतात औत घालतो. ओल्या जमिनीत घाई केली, तर जमीन बिघडते, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने कळलेले असते. चांगला पंचही तेच करतो. थांबण्याची वेळ आली, की तो क्षणाचाही विलंब लावीत नाही. आणि पुन्हा सुरू करण्याची वेळ येईपर्यंत कितीही आग्रह झाला, तरी तो हलत नाही. खेळात चपळाईला मान आहे, हे खरे. परंतु थांबण्याच्या धैर्यालाही तितकाच मान दिला पाहिजे.